पहिल्या नावाचा मान

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने संशोधन करू नये, असा शासन निर्णय कुठे सापडतो का ते मी बरंच शोधलं. सापडला असता तर तो दाखवून या प्रकरणातून सुटलो असतो. आपल्याकडे नको तिथे शासन निर्णय असतात, पाहिजे तिथे नसतात.

मी नंदुरबारला एका महाविद्यालयात संगणक शिकवतो. दर जूनमध्ये माझी नेमणूक होते आणि दर एप्रिलमध्ये मी संपतो. आमच्या विभागाच्या दारावर कायम माणसांची नावं रंगाने लिहिलेली आहेत. माझं नाव कागदावर छापून चिकटपट्टीने लावलेलं असतं, आणि पावसाळी हवेत त्या कागदाचं एक टोक सुटून 'भूपेंद्र पाटील'मधला 'भू' तेवढा फडफडत राहतो. विद्यार्थी मला सर म्हणतात, शिपाई भाऊ म्हणतो आणि प्राचार्य 'ते आपले' म्हणतात.

अशा माणसाच्या मोबाइलवर, प्राध्यापकांच्या ग्रुपमध्ये, सुप्रभातच्या गुलाबांच्या ढिगात एक सूचना येऊन पडली. बंगळुरूला भारतीय भाषा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर मोठी परिषद होती. निवडलेल्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखकाला तिथल्या एका संशोधन संस्थेत सहा महिने काम करण्याची संधी मिळणार होती. राहायची सोय, विद्यावेतन, आणि पुढे जमलं तर डॉक्टरेटची वाट. अट एकच, वय चाळिशीच्या आत. माझी चाळिशी पुढच्या उन्हाळ्यात दारात येऊन उभी राहणार होती. म्हणजे हे दार उघडलं तर आत्ताच, नाहीतर जन्मभर चिकटपट्टी.

मी ती सूचना दीपमालाला वाचून दाखवली. दीपमाला माझी बायको. ती पोळ्या लाटत होती.

"बंगळुरूला थंडी असते म्हणे," ती म्हणाली. "तुमचा स्वेटर उसवलाय."

आमच्या घरात महत्त्वाकांक्षेला परवानगी अशीच मिळते.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे मोबाइलला बोलून काही सांगायचं म्हटलं की अपमान ठरलेला. माणूस आयुष्यभर अहिराणी बोलतो आणि मोबाइलला फक्त पुस्तकी मराठी कळते. आमचे शेजारी त्याला 'मन्ही गाडी कथी शे', म्हणजे कुठे आहे, असं विचारतात आणि तो त्यांना कीर्तनाचे व्हिडिओ दाखवतो. तेव्हा यंत्राला अहिराणी ऐकून लिहायला शिकवायचं, असं मी ठरवलं. त्याला तासन् तास माणसांचं बोलणं लागतं. नंदुरबारात बोलण्याचा तुटवडा आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

पण माझ्या हातातला रेकॉर्डर पाहून आमच्या कॉलनीतल्या माणसांनी तोंडं मिटून घेतली. फोनवर आवाज घेऊन बँकेतून पैसे काढतात, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं. जी माणसं माझ्या पगारापासून माझ्या वजनापर्यंत सगळ्यावर न विचारता बोलतात, ती 'आज काय जेवले' एवढ्या प्रश्नाला 'काही नही' म्हणून दार लावून घ्यायला लागली.

तेव्हा मला फुई पावली. फुई म्हणजे माझी आत्या, भिकुबाई. दिली तळोद्याला, पण गुडघ्याच्या उपचारासाठी म्हणून आठ दिवस आमच्याकडे आली आणि डॉक्टरपेक्षा आमचा ओटा तिला जास्त मानवला. फुईला रेकॉर्डरची भीती नव्हती. तिला विचारायचा प्रश्नसुद्धा लागत नसे. मी बटण दाबायचो आणि ती सुरू व्हायची.

"मन्हं आयक," ती म्हणायची, आणि मग गुडघा. गुडघा कधी दुखतो, कसा दुखतो, थंडीत काय म्हणतो, कोणत्या सुनेच्या घरी जास्त दुखतो. "पण मोबाइलले मन्ही भाषा येत नही," एकदा मध्येच थांबून तिने विचारलं, "मंग त्याले इतला पैसा कसाले दिधा?"

या एका वाक्यात माझ्या शोधनिबंधाची सगळी प्रस्तावना होती. मी ती पुढे चार पानांत लिहिली.

फुई बोलते आणि तिचं काही बिघडत नाही, हे पाहून हळूहळू कॉलनी पुढे आली. पण तेव्हा मिरचीचा हंगाम भरात आलेला. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली आणि वारा थेट आमच्याकडे. जो तो शिंकत बोलायचा, खोकत बोलायचा. मी महिनाभर यंत्राला शिकवलं, तेव्हा त्याने शिंक हा अहिराणीतला एक शब्द म्हणून धरला आणि तो कुठे वापरायचा याचे नियमही स्वतःच ठरवले. आणि बहुतेक आवाज फुईचाच असल्यामुळे समोर कोणीही येऊन काहीही बोललं तरी यंत्र आधी 'मन्हं आयक' लिहायचं आणि संशय आला की 'गुडघा' लिहायचं. प्राचार्यांनी त्याच्यासमोर संस्थेच्या प्रगतीचा आढावा घेतला. यंत्राने तो पूर्णपणे गुडघ्यावर नेला. मला तरी त्यात फार चूक वाटली नाही.

हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहून काढलं. आता फक्त नावं घालायची होती. इथे लखनशेठ आले.

लखनशेठ आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. त्यांचा छापखाना आहे. तालुक्यात दोनाचे चार कोणाचेही होवोत, पत्रिका लखनशेठच्या यंत्रातून जाते. आमच्याकडे पत्रिका म्हणजे लग्नाची तारीख कळवायचा कागद नसतो. तारीख तर सगळ्यांना फोनवर कळलेली असते. पत्रिका लोक बघतात ती नावांसाठी. कोण वर, कोण खाली, कोणाच्या नावापुढे श्री आहे आणि कोणाच्या पुढे नुसती जागा. एखादा काका सुटला तर लग्न होतं, पण काका येत नाही, आणि पुढची वीस वर्षं त्याच्या शेतातून पाण्याचा पाइपही येत नाही. माणसांचं असं जमाखर्चाचं वाचन मी स्वतःही करतो. कोणाच्या पत्रिकेत माझं नाव कोणत्या ओळीत होतं, हे मला पाठ आहे.

निबंधाची एक प्रत काढून द्या म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. परिषदेचा नियम असा होता की तपासायला पाठवायच्या प्रतीवर कोणाचंच नाव नको. नावं त्यांच्या संकेतस्थळावर वेगळी भरायची. लखनशेठनी प्रत उलटसुलट केली.

"नाव कोठे शेतस?"

"नसतात. तपासणाऱ्याला कळू नये म्हणून."

"सर," ते गंभीरपणे म्हणाले, "बिगर नावनं तं फक्त मास्तर लोकस्ना विरुद्धनं अर्ज ऱ्हास."

मग त्यांनी संकेतस्थळावरची यादी पाहायला मागितली. तिच्यात एकच नाव होतं, माझं. लखनशेठ बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले, जसं लग्नात एकटाच जेवायला बसलेल्या नवरदेवाकडे पाहावं.

"कार्यना मालक सोतानं नाव वर टाकस का कधी? तो खाले ऱ्हास. 'आपला नम्र.' आनि ज्यास्ना आवाज लिन्हा, त्या लोके?"

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झाली. आपला आवाज बंगळुरूला चाललाय आणि नाव इथेच राहणार, हे कळल्यावर ज्यांनी महिनाभर दारं लावून घेतली होती ते आधी आले. एका शेजाऱ्यांनी तर आवाज दिलेलाच नव्हता. पण आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे जी शिंक ऐकू येते ती त्यांची आहे, असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं. मी सगळ्यांची नावं घातली. संशोधन एकट्याचं नसतं, असं मोठे लोक म्हणतात. त्यांना एवढी शेजारची माणसं असतील असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.

"ते आपलं, निबंध पाठवताय असं कळलं," ते म्हणाले. "संस्थेची परंपरा आहे. बाहेर जाणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर प्राचार्यांचं नाव प्रथम असतं."

मी मान डोलावून बाहेर आलो तोच संस्थेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातून फोन. संस्थेची परंपरा अशी होती की प्रथम अध्यक्षांचं नाव असतं. दोन्ही परंपरा एकाच संस्थेच्या होत्या आणि जून महिन्याची माझी ऑर्डर दोघांच्याही सहीने निघते. एकाला वर घातलं तर दुसरा मला संपवणार, एवढं गणित संगणकाशिवाय येतं.

मी हे दुखणं घेऊन पुन्हा लखनशेठकडे. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"दोन व्याहीस्मा अशी भांडण व्हयनी का मी एकच इलाज करस. घरनी सगळास्मा मोठी डोकरी वर टाकी देस. डोकरीपुढे कोणी बोलत नही."

"पण लखनशेठ, ती संधी पहिल्या नावाला आहे."

"आते टाकी द्या. मंग प्रूफमा बदला."

आता कोणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस आणि पत्रिका छापणाऱ्याचं ऐकलं. पण आमच्याकडे कोणती गोष्ट नंतर दुरुस्त होत नाही? माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव भूपेश होतं, ते दुरुस्त झालं. आमच्या घराचा उतारा पाच वर्षं शेजाऱ्याच्या नावावर होता, तोही झाला. प्रत्येक चुकीला एक अर्ज असतो आणि प्रत्येक अर्जाला एक खिडकी. प्राचार्यही म्हणाले, "सध्या ज्येष्ठ व्यक्ती राहू द्या. नंतर मी दुरुस्तीपत्र देईन." वरती फुई, मग अध्यक्ष, मग प्राचार्य, मग कॉलनी, आणि अगदी शेवटी, आपला नम्र.

फुईला विचारलं तेव्हा ती ओट्यावर पाय चोळत बसली होती.

"पहिलं नाव तुझं घालतोय, फुई."

"कोणतं नाव टाकशी? सासरनं का बापनं?"

मी म्हटलं, तू म्हणशील ते.

"बापनं लाव. सासरनं रेशन कार्डवर शेच."

म्हणून मी भरलं, भिकुबाई सुकलाल पाटील. तिचा ईमेलही काढला, माझ्याच मोबाइलवर.

निबंध निवडला गेला. हे वाक्य मी अजूनही कधी कधी एकटा असताना म्हणून पाहतो. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं की आपल्या यंत्राचे दोष इतक्या मोकळेपणाने सांगणारा निबंध त्यांनी क्वचितच पाहिला. शिंकेवरच्या परिच्छेदाचं विशेष कौतुक होतं.

चौकात फ्लेक्स लागला. अध्यक्षांचा फोटो माणसाएवढा, प्राचार्यांचा त्याहून जरा कमी, फुईचा लंबगोलात, डोक्यावर पदर. मी माझा शोधत राहिलो. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत होतो. स्वतःच्या शोधनिबंधाला शुभेच्छा देणारा माझ्यासारखा माणूस नंदुरबार जिल्ह्यात तरी दुसरा नसावा.

त्याच आठवड्यात दोन ईमेल आले. पहिला 'प्रिय डॉ. भिकुबाई' यांना. संस्थेत सहा महिने येण्याचं निमंत्रण, वयाचा दाखला आणि पदव्यांची माहिती मागवलेली. मी तो फुईला वाचून दाखवला.

"मी डाक्टर?" तिने गुडघ्याकडे पाहिलं. "मंग हाऊ मीच देखसू."

दुसरा ईमेल मला. त्यांनी फार आदराने लिहिलं होतं. त्या विषयात म्हणे शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, सगळ्यात ज्येष्ठ आणि अनुभवी माणसाचं. तेव्हा माझ्यासारख्या ज्येष्ठांनी पुढल्या वर्षी तरुणांचे निबंध तपासून द्यावेत, अशी विनंती होती. बिनपगारी. ज्याच्या नावाचा कागद चिकटपट्टीवर लटकतो तो माणूस बंगळुरूच्या हिशेबी निवृत्तीला आला होता. आपला नम्र होण्याची एवढी किंमत असेल असं लखनशेठ बोलले नव्हते.

मी ताबडतोब कळवलं की नावांचा क्रम प्रूफमध्ये बदलायचा आहे. उत्तर आलं, निवड झाल्यावर क्रम बदलता येत नाही. मी कळवलं की आमच्याकडे बदलतात. उत्तर आलं नाही. मी प्राचार्यांकडे दुरुस्तीपत्र मागायला गेलो. ते म्हणाले, देतो, पण मग पहिलं नाव कोणाचं, हे पत्रात लिहावं लागेल आणि ते अध्यक्षांना विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही. आणि अध्यक्षांना विचारणं बरं दिसणार नाही.

मग तहसील. माणूस सगळीकडून हरला की तहसीलला जातो, निदान तिथे बसायला झाड आहे. त्या झाडाखाली फुलसिंग अर्ज लिहून देतात. आमच्या घराचा उतारा त्यांनीच सरळ केला होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"कोणत्या योजनेसाठी?" त्यांनी विचारलं.

"योजना नाही. शोधनिबंध आहे."

"जागा कुठे आहे?"

"जागा नाही. वाङ्मय आहे."

फुलसिंगनी पेन कानावर ठेवलं, जरा विचार केला आणि प्रतिज्ञापत्र लिहिलं. त्यात असं होतं की सदर शोधनिबंध माझ्या प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीत असून त्याच्या वरील बाजूस अध्यक्ष व प्राचार्य यांची नावे आहेत, खालील बाजूस मोकळी जागा आहे, व सदर निबंध कुठेही गहाण नाही. मी ते नोटरीच्या शिक्क्यासह बंगळुरूला पाठवलं. खालील बाजूस मोकळी जागा, हे वाचून मला उगाच हुरहूर लागली.

या वेळी उत्तर आलं. बहुधा तिथल्या कुणाला माझी दया आली असावी. त्यांनी लिहिलं की अपवाद म्हणून एक करता येईल. पहिल्या लेखिकेने स्वतः सही करून दिलं की आपल्या जागी शेवटच्या लेखकाचं नाव घ्यावं आणि आपलं त्याच्या जागी जावं, आणि तो कागद हातात धरलेला तिचा फोटो पाठवला, तर ते क्रम बदलतील. मुदत शुक्रवार संध्याकाळ. नाहीतर संधी यादीतल्या पुढल्या निबंधाला.

एक सही. तीही घरातल्या माणसाची. मी पळत पुन्हा झाडाखाली गेलो.

"हा हक्कसोडचा नमुना झाला," फुलसिंग म्हणाले. "बहिणी भावांना देतात तो. माझ्याकडे दुसरा नाही, पण बसतो यात." आणि त्यांनी तो बसवला.

शुक्रवारी दुपारी फुई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला देठ. मी कागद आणि पेन घेऊन शेजारी बसलो. दीपमालाला फोटो काढायला बोलावणार होतो, ती आत होती.

"काय शे?" फुईने विचारलं.

"सही पाहिजे, फुई. त्या नावाचं."

"वाच."

मी वाचायला लागलो. लिहून देणार भिकुबाई सुकलाल पाटील, वय, राहणार. सदर निबंधावरील माझे पहिल्या क्रमांकाचे नाव व त्यातील माझा संपूर्ण हक्क व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा भाचा भूपेंद्र याच्या लाभात—

फुईचा हात मिरचीवर थांबला.

"हाऊ शब्द माले माहीत शे."

"कोणता?"

"राजीखुशी." तिने देठ खुडला. "तुन्हा बाप बी असाच बठना व्हता. तवय बी मी मिरच्याच खुडी ऱ्हायनी व्हती. पेन त्यानंच आणेल व्हतं. मन्हा बापनी कोरीट गावनी जमीननं. माले म्हने, बहीण, नुसता कागद शे. घर तुन्हंच शे."

मला ही हकीकत माहीत होती. म्हणजे आमच्या बाजूने माहीत होती. आमच्या बाजूने ती फार थोडक्यात आहे: फुईने काही मागितलं नाही.

"मंग?" मी म्हणालो.

"मंग काय. सही करी दिधी. लुगडं मिळनं. हिरवं. चांगलं व्हतं, टिकनं." ती हात पदराला पुसायला लागली. "दे. कोठे करू? मन्ही सही लेवाले सगळा जवळनाच येतस."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती खरंच चष्मा शोधत होती.

"आते मन्हं नाव कोठे जाई?" चष्मा लावताना तिने सहज विचारलं.

"शेवटी. माझ्या जागी."

"तठे तं कोणी वाचत नही. तूच सांगत व्हता."

सांगत होतो खरा. फ्लेक्सखालून घरी आलो त्या दिवशी मी हे सगळ्या घराला, दारं बंद करून, बराच वेळ सांगत होतो.

फुईने पेन हातात घेतलं आणि कागदाकडे वाकली. तिला सही करायला वेळ लागतो. ती प्रत्येक अक्षराआधी श्वास घेते. 'भि'ची वेलांटी काढायला तिने पेन टेकवलं, तेव्हा मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"चालत नाही हे," मी म्हणालो.

"आत्ते तं चालत व्हतं."

"संपलंय."

फुईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पेन परत घेतलं, खालच्या वर्तमानपत्रावर, देठांच्या मधल्या जागेत, एक रेघ ओढून पाहिली. रेघ चांगली ठसठशीत आली. तिने टोपण लावलं, पेन मला दिलं आणि पुढची मिरची घेतली. मला शिंक आली.

दीपमाला मोबाइल घेऊन बाहेर आली. "काढायचा ना फोटो?"

"पेन संपलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, फुईकडे पाहिलं, वर्तमानपत्रावरच्या रेघेकडे पाहिलं. घरात मुलांची अर्धा डबा पेनं आहेत हे तिला माहीत आहे, कारण ती तिनेच आणलीयत. ती मोबाइल माझ्या हातात देऊन आत गेली. संध्याकाळपर्यंत माझा मोबाइल देवळीत पडून होता. मी तो पाहायचाच नाही असं ठरवून दर थोड्या वेळाने देवळीपर्यंत जाऊन येत होतो. दिवे लागले तेव्हा जाणं बंद केलं.

संधी पुढल्या निबंधाला गेली. कोणी एक तरुण मुलगी होती, तिने एकटीने निबंध लिहिला होता. तिच्या कॉलनीत बहुधा कोणी राहत नसावं. परिषदेत मी आमचा निबंध घरून, संगणकावरून वाचला; पडद्यावर माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ' असं लिहिलेलं होतं आणि प्रश्न विचारणारे मला फार जपून प्रश्न विचारत होते. उन्हाळ्यात मी चाळीसचा झालो. जूनमध्ये दारावरचा कागद नवा लागला.

प्रमाणपत्र आलं ते फुईच्या नावाचं. लखनशेठनी ते काचेत घालून दिलं आणि आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत, घड्याळाशेजारी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला फुई ते मला वाचायला लावते. मी वाचतो. भिकुबाई सुकलाल पाटील. ती म्हणते, "परत वाच." मग मी परत वाचतो. सुकलालवर आल्यावर तिची मान जरा हलते.

परवा एक विद्यार्थी घरी आला. त्याला आपल्या प्रकल्पात माझ्या निबंधाचा संदर्भ द्यायचा होता. त्याने माझ्या नावाने सगळीकडे शोधला, पण सापडला नाही.

"माझ्या नावाने सापडणार नाही," मी म्हणालो. "एवढी सगळी नावं कोणी लिहीत नाही. पहिलं लिहितात आणि पुढे 'व इतर' म्हणतात. दक्षिणेकडची माणसं आडनाव धरत नाहीत, म्हणून त्यांनी नावच घेतलंय. 'भिकुबाई व इतर' असं शोध."

त्याने शोधलं. लगेच सापडला.

"मग सर, तुम्ही?"

"मी इतर."

फुई ओट्यावरून ऐकत होती. तिने मान आत वळवली.

"दीपमाला वं," ती म्हणाली, "पोऱ्याले चहा टाक. आनि त्या इतरले बी."